लसणीचं तेल आणि नौदलाचा कागद

नौदलात गेलो त्या दिवसापासून निवृत्त झालो त्या दिवसापर्यंत एक प्रश्न माझ्या मागे लागला होता. जहाजावरच्या मेसमध्ये नवा कोणी भेटायचा, गाव विचारायचा, मी ‘इंदूर’ म्हटलं की हातातला घास तसाच ठेवून म्हणायचा, ‘इंदौर में समुंदर कहाँ है?’ सुरुवातीला मी बापडा समजावून सांगायचो, की समुद्र मुंबईला आहे आणि मुंबईला आमच्याकडून गाडी जाते. पुढे कंटाळलो आणि सांगायला लागलो, की आहे ना, राजवाड्याच्या मागेच आहे, पण बाजाराच्या गर्दीत दिसत नाही. रिअर अ‍ॅडमिरल झालो तेव्हा एका वरिष्ठांनी हाच प्रश्न विचारला आणि मीही हेच उत्तर दिलं. ते हसले नाहीत. काही माणसं खांद्यावरच्या पट्ट्या रुंद झाल्या की हसणं सोडून देतात. मला ते काही जमलं नाही, आणि त्याला कारण आमचं जुन्या इंदुरातलं घर.

आमचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते असं आमच्याकडे सांगत. घोडा मी लग्नाच्या वरातीत आणि टांग्याला जुंपलेला, एवढाच पाहिला होता, पण घरात एक खोगीर होतं आणि त्याच्यावर आई पापड वाळत घालायची. पाण्याशी आमचा संबंध म्हणाल तर तो एवढाच, की माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, ते शहराच्या पाणीपुरवठा खात्यात कारकून होते. कोणत्या मोहल्ल्याला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं, त्याच्या नोंदी ते ठेवत. मी नौदलाची परीक्षा दिली हे गल्लीत कळलं तेव्हा कोपऱ्यावरचे हलवाई मांगूभिया नानांना म्हणाले, ‘नानाजी, आप नल का पानी छोड़ते हो, छोरा समंदर का छोड़ेगा. खानदानी काम है.’ नानांना विनोद समजायला जरा वेळ लागत असे. ते म्हणाले, ‘समुद्राचं पाणी सोडत नाहीत.’

नाना तसे होते. खोटं म्हणून बोलायचे नाहीत, आणि कोणी बोललेलं खपवूनही घ्यायचे नाहीत. एकदा विम्याचा एजंट दाराशी आला. नाना आत दाढी करत होते. आईनं माझ्या शकूताईला हळूच सांगितलं, ‘सांग, नाना बाहर गेलेत.’ ताई तसं सांगतच होती, तेवढ्यात आतून नानांचा खणखणीत आवाज आला, ‘मी आहे. दाढी करून राहिलोय. बसा.’ एजंट दीड तास बसला. आईनं त्या दिवशी नानांशी बोलणं टाकलं, आणि नानांना ते संध्याकाळपर्यंत लक्षातच आलं नाही.

आमच्या घरातला रविवार तेलाचा. आई सकाळी लोखंडी पळीत तिळाचं तेल तापवायची, त्यात लसणीच्या चार पाकळ्या आणि चिमूटभर ओवा टाकायची. लसूण तांबूस झाली की तो वास जिन्यावरून खाली उतरायचा आणि गल्लीला कळायचं, की वरच्या मराठ्यांकडे आज आंघोळी आहेत. मग एकेकानं आईसमोर पाटावर बसायचं. आधी डोक्याला तेल, मग मान एका बाजूला कलती करून कानात पाच-सहा थेंब, वर कापसाचा बोळा, मग दुसरा कान. तेल मुरेपर्यंत तासभर घरात सगळे बोळे घालून हिंडायचे, आणि कोणालाच काही ऐकू यायचं नाही. नाना चहा मागायचे, आई विचारायची, ‘कौन आलं?’ ताई रेडिओ मोठा करायची, खालून मांगूभिया ओरडायचे, ‘अरे भिया, थोड़ा धीमे.’ ते तेवढं कोणाला ऐकू जाणार? मी पुढे मोठमोठ्या जहाजांच्या इंजिनखोल्यांमध्ये उभा राहिलो, पण आमच्या रविवारच्या सकाळचा गोंगाट मला कुठेही भेटला नाही. बाहेरगावी जायचं असेल, परीक्षा असेल, कोणी मुलगी पाहायला जाणार असेल, तर वार कोणताही असो, त्या दिवशीही तेल. तेल घातल्याशिवाय आईनं आम्हाला उंबऱ्याबाहेर कुठल्याच महत्त्वाच्या कामाला सोडलं नाही.

लेखी परीक्षा झाली, मुलाखती झाल्या, आणि त्यांत मी पास झालो. कसा झालो ते मला आजही नीट सांगता येणार नाही. आता फक्त वैद्यकीय तपासणी उरली होती, ती महूच्या लष्करी इस्पितळात, मंगळवारी. मंगळवारी पहाटे आई उठली, तिनं पळी तापवली, आणि रोजच्यापेक्षा दुप्पट लसूण घातली. ‘आज तुझे कान-डोळे सगळं तपासून राहिलेत ना,’ ती म्हणाली, ‘मग कान एकदम साफ पाहिजेत. जल्दी बैस, पाणी गार होऊन राहिलंय.’ मी बसलो. तिनं दोन्ही कानांत मनापासून तेल घातलं. सतरा वर्षांच्या रविवारांवर हा आणखी एक मंगळवार. बसमध्ये बसल्यावर मी बोळे काढून खिशात टाकले आणि पुसून घेतलं. बसचा आवाज जरा दूरवरून येतोय असं वाटलं, पण नवी बस असेल म्हणून सोडून दिलं.

तपासणीत छाती, दात, डोळे, पाय, सगळं झकास झालं. मग कान. डॉक्टर मेजर होते, उंच, मिशीवाले. त्यांनी मला खोलीच्या एका टोकाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, एक कान तळव्यानं झाकायला सांगितला आणि म्हणाले, की मी मागून हळू आवाजात शब्द बोलेन, ते तू मोठ्यानं म्हणायचेस. मी उभा राहिलो. भिंतीवर एक पाल होती. पाल निघून गेली. मला वाटलं, साहेबांना काही काम आलं असेल, आपण घाई करणं बरं नाही. बऱ्याच वेळानं माझ्या खांद्यावर थाप पडली. मेजरसाहेब शेजारी उभे होते. ‘बेटा,’ ते म्हणाले, ‘मैं आठ शब्द बोल चुका हूँ.’

मग त्यांनी नळी घालून कानात पाहिलं. मग दुसऱ्या कानात पाहिलं. मग नळी नाकाशी नेली. ‘ये लहसुन है?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘जी सर. और अजवाइन.’ त्यांनी मला बसवलं, आणि रागावले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, की वर्षानुवर्षांच्या तेलानं आत मळ फुगून भिंतीसारखा बसलाय, पडदा दिसतच नाही, त्वचाही सुजलीय. सहा आठवड्यांत कान साफ करून ये, पडदा ठीक असला तर पाहू. ‘और ठीक नहीं हुआ तो?’ मी विचारलं. ते म्हणाले, ‘तो नेवी भूल जाओ.’ मग माझ्या हातात कागद देत म्हणाले, ‘घर में सब्ज़ी में डालो लहसुन. कान में नहीं.’

इथे जरा थांबून सांगतो, की माझी सगळी नोकरी पुढे कानांवर झाली. पाण्याखालची पाणबुडी डोळ्यांना दिसत नाही, ती ऐकावी लागते. तरुणपणी मी कानांवर हेडफोन चढवून तासन् तास समुद्र ऐकत बसायचो. देवमासे बोलतात, कोळंबीचे थवे तळलेल्या पापडासारखे कडकडतात, आणि त्या सगळ्याच्या मागे कधीतरी एक एकसारखी घरघर येते, ती पकडायची. त्या विषयात माझं थोडंफार नाव झालं. आता इंदूरजवळच्या राऊमधल्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहितो आहे तेव्हा डाव्या कानात श्रवणयंत्र आहे. बायको म्हणते, नको ते बरोबर ऐकू येतं. ते असो. पण त्या मंगळवारी, महूच्या बसस्टँडवर, माझ्याकडे फक्त एक कागद होता, आणि सहा आठवडे होते.

घरी येईपर्यंत मी सरळ सगळं सांगायचं असंच ठरवलं होतं. जिना चढलो. आई दारात उभी होती, हातात पाण्याचा तांब्या, पदर खोचलेला. सकाळचं तेल अजून तिच्या नखांना होतं. ती म्हणाली, ‘कान चांगले निघाले ना रे?’ आणि माझं सगळं ठरवलेलं गळून पडलं. या बाईनं पहाटे उठून जे केलं, त्यानंच मी नापास झालो, हे मी तिला कोणत्या तोंडानं सांगणार होतो? मी म्हटलं, ‘कान एकदम बढिया. वजन कमी भरलं. दोन किलो. सहा आठवड्यांनी परत बोलावलंय.’

आतून नाना आले. त्यांनी कागद मागितला. कागद इंग्रजीत. आईला इंग्रजी येत नव्हतं, ताई शिवणाच्या क्लासला गेलेली. नानांनी चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचायला लागले. मी दाराच्या चौकटीला हात धरून उभा. एजंटाला ‘मी आहे’ म्हणणारा माणूस आता काय म्हणणार हे मला पाठ होतं. नानांनी शेवटपर्यंत वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. ती काळजीनं तांब्या दोन्ही हातांनी धरून उभी होती. नानांनी कागदाची घडी घातली, ती कोटाच्या खिशात ठेवली, आणि घसा साफ करून म्हणाले, ‘हो. वजनच.’

त्या क्षणी मला नाना जितके आवडले तितके आधी कधी आवडले नव्हते, आणि तोवर मी त्यांना बराचसा घाबरतच आलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात जी मोहीम सुरू झाली तिच्यापुढे पुढच्या आयुष्यातले आमचे युद्धसराव म्हणजे पोरखेळ. सकाळी पोहे, त्यावर शेव, शेजारी जिलबी. दहा वाजता दुधात केळं कुस्करून. दुपारी वरणभात-तूप, संध्याकाळी गराडू, म्हणजे आमच्याकडचा एक कंद, तळून त्यावर लिंबू आणि मसाला, मग डिंकाचे लाडू, मग रात्रीचं जेवण ते निराळंच. रविवारी दाल-बाफले, म्हणजे वरणासोबत कणकेचे उकडून भाजलेले गोळे, एकेक बाफला तुपात पोहून आलेला. मांगूभियांना कळलं तेव्हा ते जातीनं वर आले. ‘वजन की क्या टेंशन ले रिये हो भाभीजी,’ ते आईला म्हणाले, ‘दो किलो तो अपन ऐसे चढ़ा देंगे. सुबे-शाम मलाई अपनी तरफ से.’ मी दुकानावरून गेलो की ते कढईमागून मला पाहायचे आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, ‘नेवी का माल है, तैयार हो रिया है.’

आता माझं वजन आधीच बरोबर होतं. हे सगळं जिरवायचं कुठे? म्हणून मी पहाटे पळायला लागलो. आई म्हणायची, पळू नकोस, वजन उतरेल. मी म्हणायचो, डॉक्टरांनीच सांगितलंय. एका खोट्यानं दुसरं, दुसऱ्यानं तिसरं. नाना मात्र या कामात अगदी कच्चे होते. दर चार दिवसांनी आम्ही दोघं राजवाड्याजवळच्या एका कानाच्या डॉक्टरांकडे जायचो आणि घरी सांगायचं, की काट्यावर वजन करायला गेलो होतो. ‘कुठे चाललात?’ आईनं विचारलं की नाना कावरेबावरे व्हायचे आणि माझ्याकडे पाहायचे. मग जिन्यात मला विचारायचे, ‘बरोबर बोललो ना?’ पण खोटं अगदीच खोटं राहू नये म्हणून ते डॉक्टरांकडून निघाल्यावर मला खरोखरच काट्यावर उभं करायचे. त्या यंत्रातून पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. एका तिकिटावर इंग्रजीत आलं, ‘पाण्यापासून जपावे.’ आईनं घरी ते ताईकडून वाचून घेतलं. नाना घाईघाईनं म्हणाले, ‘ते नळाच्या पाण्याबद्दल आहे.’

कानाच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी आत पाहून विचारलं होतं, ‘ये कान हैं कि घानी?’ त्यांनी औषधाचे थेंब दिले, आठवडाभर मळ मऊ केला, मग कोमट पाण्याची पिचकारी मारून जे बाहेर काढलं त्याचं वर्णन मी करणार नाही. नाना टेबलाशी वाकून पाहत होते. ‘हे सगळं आत होतं?’ ते म्हणाले, आणि मग फार हळू, ‘माझ्याही असेल.’ मला ते ऐकू आलं. किती स्पष्ट ऐकू आलं म्हणून सांगू. बाहेर पडलो तर राजवाड्यासमोरचा बाजार माझ्या अंगावर आला. सायकलींच्या घंट्या, टांग्याच्या घोड्याचा घुंगुरपट्टा, बांगड्यांची दुकानं, कुणाची तरी शिट्टी, एक बाई भाजीवाल्याशी वाद घालत होती तो प्रत्येक शब्द. मी मधोमध उभा राहून वेड्यासारखा हसत होतो. नानांनी मला बाजूला ओढलं, नाहीतर ऑटोखाली गेलो असतो. पण पडद्याजवळची सूज अजून होती, आणि ती उतरेल की नाही हे डॉक्टर सांगायला तयार नव्हते.

राहिला रविवारचा प्रश्न. पहिल्या रविवारी आई पळी घेऊन आली तेव्हा नाना म्हणाले, याला सर्दी आहे. दुसऱ्या रविवारी मी पळायला गेलो तो दुपारीच परत आलो. तिसऱ्या रविवारी काय करायचं यावर आम्ही बापलेक जिन्यात खल करत होतो, तर आईनं पळीच काढली नाही. म्हणाली, ‘लसूण संपली.’ चौथ्या रविवारीही लसूण नव्हती. मी देवाचे आभार मानले आणि लाडू खात राहिलो.

सहा आठवडे संपले. तपासणीच्या सकाळी आईनं तळहातावर दही-साखर दिली, बाकी काही नाही. नाना रजा घेऊन बरोबर आले आणि इस्पितळाच्या व्हरांड्यात टोपी मांडीवर ठेवून बसले. मेजरसाहेबांनी मला ओळखलं. नळी घालून दोन्ही कान पुष्कळ वेळ पाहिले. मग तीच भिंत, तोच तळवा कानावर. माझं काळीज इतकं धडधडत होतं, की तेच ऐकू येतंय असं वाटलं. आणि मग मागून, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून, वारा यावा तसा आवाज आला. ‘सत्तावन.’ मी ओरडलो, ‘सत्तावन, सर.’ ‘खिड़की.’ ‘खिड़की, सर.’ कान बदलला. ‘बत्तीस.’ ‘पतंग.’ मी एकेक म्हणत गेलो. मग शेवटी अगदी बारीक आवाजात आलं, ‘लहसुन.’ मी म्हटलं, ‘लहसुन, सर,’ आणि मागे वळलो तर ते मिशीत हसत होते. कागदावर ‘फिट’ लिहिताना त्यांनी माझं नवं वजन पाहिलं आणि विचारलं, की घरी नक्की काय चाललंय.

नानांना मी व्हरांड्यात कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, टोपी घातली, काढली, परत घातली, आणि मला मिठी मारली. निवडीची यादी अजून लागायची होती, पण आमच्या गल्लीच्या हिशेबी मी त्याच दिवशी नौदलात गेलो. मांगूभियांनी सगळ्या मोहल्ल्याला जिलबी वाटली आणि ‘अपन ने चढ़ाया वजन’ म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. मला त्यांचा तो आनंद मोडवला नाही. ते हयात होते तोवर मी रजेवर आलो, की ते पाहुण्यांना माझी ओळख स्वतःची कामगिरी म्हणून करून देत.

संध्याकाळी गर्दी ओसरली. नाना खाली मांगूभियांच्या ओट्यावर लोकांत बसले होते, त्यांचं हसणं वर ऐकू येत होतं. आई चुलीशी बाफले उलटत होती. मी तिच्याजवळ पाट ओढून बसलो. आता सगळं पार पडलं होतं, आणि सहा आठवडे तिच्याशी खोटं बोललेलं मला सोसत नव्हतं. मी म्हटलं, ‘आई, एक सांगायचंय. वजन कमी नव्हतंच.’

‘मालूम आहे,’ ती म्हणाली. तिनं बाफला उलटला. ‘मला इंग्रजी येत नाही, पण खुणा कळतात ना. दुसऱ्याच आठवड्यात नानांचा कोट धुवायला काढला, तर कागद हाती आला. सगळ्यांपुढे बरोबरची खूण, एका जागी फुली. त्या फुलीशेजारची अक्षरं मी शकूच्या जुन्या इंग्रजीच्या पुस्तकातल्या चित्रांखालच्या अक्षरांशी लावून पाहिली. चार चित्रं पाहून झाली. पाचवं कानाचं निघालं.’

चुलीच्या धगीनं तिचा चेहरा लाल झाला होता, आणि डोळ्यांत पाणी होतं, ते तिनं मनगटानं पुसलं.

‘मग लसूण...’ मी म्हटलं.

‘ओट्याखाली टोपली भरून आहे.’

‘आणि तरी मला एवढं खायला घातलंस?’

‘मग काय करू?’ आई म्हणाली. ‘तुझ्या कानाचं मी करून बसले होते. डॉक्टरकडे मी काय करणार, तुझी परीक्षा मी काय देणार. हातात तेवढंच होतं. सहा आठवडे नुसती बसून राहिले असते तर वेडी झाले असते रे.’

मी तिच्या तेलकट हातावर हात ठेवला. खाली नाना कोणाला तरी सांगत होते, ‘दोन किलो कमी होतं, दोन किलो,’ आणि आता त्यांचा आवाज जराही अडखळत नव्हता. आईनं कान देऊन ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसली.

‘त्यांना नको सांगू,’ ती म्हणाली. ‘लग्नाला वीस वर्षं झाली. माझ्यासाठी पहिल्यांदा खोटं बोललेत. राहू दे मला तेवढं.’

मी नानांना कधीच सांगितलं नाही.